'हाय गाइज'मध्ये बायका येतात का?

अनुजा_क
टीमला इंग्रजीत निरोप लिहिताना मी सर्रास 'हाय गाइज' लिहिते. काल टीममधल्या एकीने विचारलं, "यात आम्ही कुठे?" माझ्या मते त्यात बायका धरलेल्या असतातच. 'एव्हरीवन' लिहिलं की परिपत्रक वाटतं. सहज बोलण्यातला, पुरुषी नसलेला शब्द सुचवा.

शब्दशोधक
मूळ पाहा. इंग्लंडची संसद उडवायच्या 1605 च्या कटात गाय फॉक्स बंदुकीच्या दारूच्या पिंपांपाशी पकडला गेला. पुढे दर 5 नोव्हेंबरला त्याचे पुतळे जाळायची प्रथा पडली. त्या पुतळ्याला 'गाय' म्हणत. मग विचित्र कपड्यांतला माणूस तो 'गाय', अमेरिकेत कुठलाही पुरुष 'गाय', आणि अनेकवचनात सगळेच. म्हणजे शब्द पुरुषाचाच.

मीरा७
मूळ काढायचं तर 'गर्ल' पूर्वी मुलगा-मुलगी दोघांनाही म्हणत. आज कुठल्या मुलाला म्हणून बघा! वापर तपासा. 'यू गाइज'मध्ये बायका येतात. पण एखादी म्हणाली, "आय डेट गाइज", तर त्यात कुणी बायका धरेल? 'अ गाय'मध्ये तर नाहीतच. संबोधनात एक आणि वाक्यात दुसरं, अशी गत आहे. त्या टीममधल्या बाईंचं मला पटतं.

अनिकेत
खरी गोम 'यू'मध्ये आहे. 'तू'साठीचं जुनं 'दाऊ' गेलं आणि 'तू'ला नि 'तुम्ही'ला एकच शब्द उरला. ती उणीव भरायला अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल' आला, पिट्सबर्गकडे 'यिन्झ', आयर्लंडात 'यूस'. अनुजाताई, बिनधास्त 'यॉल' लिहा.

जोशीकाका
तो शब्द तिकडच्यांच्याच तोंडी शोभतो, आपण लिहिला तर सोंग वाटेल. 'फोक्स' जुना आणि स्वच्छ आहे. बाकी लिंग न सांगता एकाच माणसाला 'दे', म्हणजे 'ते', म्हणायचे प्रकार मला मान्य नाहीत. वचनाला काही अर्थ आहे की नाही?

मीरा७
काका, एकवचनी 'दे' चौदाव्या शतकापासून सापडतो. आणि एका माणसाला 'यू आर' चालतंच ना? आपणही एकट्या काकांना 'ते आले'च म्हणतो.

जोशीकाका
ते आदरार्थी आहे. इथे लिंग लपवण्यासाठी वचन मोडलंय. दोन्ही एका मापाने मोजू नका.

शब्दशोधक
यात मराठी श्रीमंत आहे. भावंडं, भाचरं, पोरं! इंग्रजीत भाचा-भाची मिळून एक शब्द हवा म्हणून विसाव्या शतकात 'सिब्लिंग'च्या धर्तीवर 'निब्लिंग' घडवावा लागला.

अनिकेत
'निब्लिंग'मध्ये पुतण्या-पुतणीही येतात. भाचरांत ते कुठे येतात?

मीरा७
आमच्याकडे येतात. आत्या सगळ्यांनाच 'माझी भाचरं' म्हणते.

अनिकेत
आत्याला भावाची मुलं भाचरंच लागतात! काकाने म्हटलं तर सांगा.

शब्दशोधक
माझे काका म्हणायचे.

जोशीकाका
मग ते चुकीचं म्हणायचे. काकाला पुतणे असतात.