सरासरीवर आराखडा बेतू नका

वर कुणीतरी म्हटलंय की नदी-ओढ्यांवरच्या निरीक्षण केंद्रांच्या प्रदूषणाच्या आकड्यांची वार्षिक सरासरी काढायची आणि जिथे ती जास्त, तिथून पाणलोटाचं काम सुरू करायचं. मला नाही पटत. प्रमाण (लिटरमागे किती) वेगळं, भार (एकूण किती वाहून येतं) वेगळा. समजा एका ओढ्यात फॉस्फरस लिटरमागे २ मिलिग्रॅम, पण प्रवाह सेकंदाला १० लिटर. दुसऱ्यात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, प्रवाह मात्र २०० लिटर. गुणाकार करा: पहिला सेकंदाला २० मिलिग्रॅम आणतो, दुसरा १००. खालच्या तलावात शेवाळ माजवायला हा 'स्वच्छ' ओढाच जास्त हातभार लावतो.

त्यात नमुने बहुधा कोरड्या दिवशी घेतलेले. फॉस्फरस, शिसं बरंचसं मातीच्या कणांना चिकटून वाहतं, तेही जोरदार पावसाच्या लोंढ्यात. तेव्हा बाटली घेऊन काठावर कोण उभं असतं?

एककंही तपासा. मी एकदा दोन ठिकाणचे नायट्रेटचे रकाने सरळ जोडले आणि नदी खाली जाता जाता चौपट सुधारलेली दिसली! एका प्रयोगशाळेने अख्खं नायट्रेट मोजून लिहिलेलं, दुसरीने त्यातला फक्त नायट्रोजन. त्याच पाण्याच्या ४५ चे १० होतात तिथे. आणि 'शोधमर्यादेखाली', म्हणजे उपकरणाला पकडता येणार नाही इतकं कमी, हे शून्य नव्हे, कृपया तसं भरू नका.

गाळ उपसायचा किंवा जुना बंधारा काढायचा असेल, तर वरच्या अंगाला पूर्वी काय होतं ते जुन्या नकाशांत आधी शोधा. चामडं कमावायचा कारखाना असेल तर पाण्याचा अहवाल साफ असूनही कातडं कमावताना वापरलेलं क्रोमियम गाळात निवांत बसलेलं असू शकतं.