मदत हवी आहे: जुनी समई, चांदीचा करंडा आणि होळकरी नाणी

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेतलं जुनं घर आवरताना आजेसासूबाईंची पेटी सापडली. पितळी समई, काळाठिक्कर पडलेला चांदीचा करंडा आणि नंदी असलेली होळकर संस्थानची तांब्याची 6 नाणी.

उत्साहाच्या भरात समई रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवली. सकाळी चकाकली, पण जागोजागी गुलाबी डाग! आम्लाने पितळेतलं जस्त निघून तांबं वर येतं, हे नंतर कळलं. फार हळहळले. हे डाग जातील का?

करंड्यासाठी अ‍ॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी हा उपाय माहीत आहे. त्याने काळ्या थराची परत चांदी होते, घासावं लागत नाही. पण झाकणावर मिना आहे. तो तडकेल का? नक्षीच्या खोबणीतला काळेपणा मला राहायला हवाय, त्यानेच वेलबुट्टी उठून दिसते.

नाण्यांना हात लावलेला नाही, तपकिरी थर घासला की मोल जातं. फक्त एकावर फिकट हिरवी भुकटी धरतेय, पुसली तरी पुन्हा येते. ते वेगळं ठेवलंय. पुढे काय करू?

बर्तन बाजारात पॉलिश करून देतात, पण मशीनखाली द्यायला मन धजत नाही. स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा.