रविवारचा जेसीबी आणि पार्किंगमधला गुलमोहर

पाटील काका (ए-१०२): सेक्रेटरी, गुलमोहराला रविवारी जेसीबी लावायचं ठरलंय म्हणे. कुणाला विचारून? नारळाचं झाड काढलं त्या वेळचं विसरलात काय सगळे?

सेक्रेटरी: काका, मीटिंगला आला असता तर कळलं असतं. जेसीबी तासात मोकळा, तोडणारी माणसं दोन दिवस घेतात.

शिंदे (बी-३०१): जेसीबी आला की निम्मी गल्ली बघायला येतीय, चहाचं बघा आधी 😂

पाटील काका: चेष्टा नको. गुलमोहराची मुळं वरच्यावर पसरतात, बकेटनं खोड ढकललं की मुळांचा अख्खा गड्डा उचलतोय, सोबत पेव्हर आणि खालची पाण्याची लाईन. दोरवाला माणूस वर चढून शेंड्याकडनं सुरू करतोय, फांदी आधी बांधतो, दोराला बुंध्याभोवती दोन वेढे देतो, मग जड फांदीपण खाली सावकाश सुटती. देसाईंच्या गाडीवर पडायची भीती नाही.

देसाई मॅडम: माझ्या गाडीचं नाव कशाला? पार्किंगच्या रेषेचा विषय अजून तसाच आहे.

कुलकर्णी काकू: परवानगी आलीय का? झाड आपल्या आवारातलं असलं तरी १९७५ च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

सेक्रेटरी: अर्ज दिलाय.

कुलकर्णी काकू: अर्ज म्हणजे परवानगी नव्हे.

शिंदे: लाकडं मला ठेवा, गावाकडं चुलीला होतील.

पाटील काका: पाण्याची लाईन!!

माने (सी-२०४): खोड कुणी ठोकून बघितलंय का? मी काल बघितलं, बद्द वाजतंय, बुडाला अळंबी आलीय. आत पोकळ असणार. असल्या झाडावर माणूस चढवू नका काका, कितीबी तरबेज असूदे. लाईटच्या खांबाला लावतात ती बास्केटवाली गाडी आणायची, त्यात उभं राहून वरनं तुकडे उतरवायचे. चांगल्या खोडाला पडायच्या बाजूनं खाच घेऊन मागनं कापतात, मधली न कापलेली पट्टी झाडाला वळण देती. पोकळ खोडात ती पट्टी धरतच नाही, कुठंबी जाईल.

पाटील काका: म्हणजे जेसीबी नकोच, मी तेच म्हणालोय.

माने: ओंडके ट्रॉलीत भरायला लागंल की. फक्त ढकलायला नको.

पाटील काका: लाईनवरनं चालवू नका म्हणजे झालं.

सेक्रेटरी: रविवार रद्द. परवानगी हातात आली की माने सांगतील तो माणूस बोलवू. बास्केटचं भाडं वेगळं येईल, तेव्हा कुणी ओरडू नका.

देसाई मॅडम: आधी नारळाचा हिशोब टाका ग्रुपवर.