विश्वामित्रीच्या काठाने चालायला सोपा रस्ता कुठला? सोबत सासरे आणि ८ वर्षांचा मुलगा

मांजलपूरवाली

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. सासऱ्यांचं वय ७१, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, डॉक्टर म्हणतात रोज चालायचंच पण सपाटीवर, चढउतार नको. ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरून इतके कंटाळलेत की आता चालायचं नाव काढलं तरी पेपर तोंडापुढे धरतात. त्यात मुलाला शाळेत आपल्या नदीवर प्रोजेक्ट दिलाय, आणि आमचा मुलगा बडोद्यात जन्मलेला असून त्याने विश्वामित्री फक्त पुलावरून जाताना गाडीच्या काचेतून बघितलीये, ह्याचं मला खरंच वाईट वाटलं. तर रविवारी सकाळी तासदीड तास नदीच्या बाजूने, झाडांतून, निवांत चालता येईल असा रस्ता आहे का? कमाटीबाग माहीत आहे पण तिथे आम्ही टॉय ट्रेन आणि झू एवढंच करून यायचो. आणि खरं सांगते, मगरींची भीती वाटते. सासरे म्हणतात आम्ही लहानपणी काठावर खेळायचो, काही होत नाही. तुम्ही सांगा.

दांडियाबाजारकर

ताई, लांब कुठे जाऊ नका, कमाटीबागच करा पण ह्या वेळी नदीसाठी करा. बाग सयाजीराव महाराजांनी १८७९ साली केली, ४५ हेक्टरच्या आसपास जागा आहे आणि नदी चक्क बागेतून वाहते, आपण तिच्याकडे पाठ करून फुलांच्या घड्याळासमोर फोटो काढतो एवढंच.

आम्ही असं करतो. काळ्या घोड्याशी, म्हणजे सयाजीरावांच्या घोड्यावरच्या पुतळ्याशी, गाडी लावायची, सकाळी साडेसातच्या आत, नंतर जागा मिळत नाही. आत न शिरता आधी पुलावर जायचं आणि कठड्याशी उभं राहून पाच मिनिटं खाली बघायचं. थंडीत साडेनऊ-दहानंतर ऊन जरा चढलं की मगरी चिखलावर येऊन पडतात, त्यामुळे जाताना नाही दिसल्या तर परत येताना हमखास बघा. मग बागेत शिरून म्युझियमच्या बाजूने मोठ्या झाडांखालचा पक्का रस्ता धरायचा, सावली भरपूर, बाकं जागोजागी, काकांना हवं तेव्हा बसता येईल. बागेतल्या पुलावरून नदी ओलांडायची, पुन्हा थांबायचं, आणि त्याच रस्त्याने परत. आरामात दीड तास होतो. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांचा प्रॉब्लेम आहे, ती हे करते, काठी घेऊन.

म्युझियम उघडं असेल तर मुलाला देवमाशाचा सांगाडा नक्की दाखवा, तो मासा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. बागेत यायला तिकीट नाही, म्युझियम आणि झूला आहे. काकांमध्ये अजून दम असेल तर जवळच नदीकाठी कीर्ती मंदिर आहे, आत नंदलाल बोस यांनी काढलेली भित्तिचित्रं आहेत. शहरातल्या निम्म्या लोकांनी ती बघितलेली नाहीत, मला ह्याचा फार त्रास होतो.

फतेगंजचा_पोरगा

दादा बरोबर आहे पण बागेत रविवारी गर्दी फार असते. खरी नदी बघायची तर काठाने कच्च्या पायवाटा आहेत ना, लोक गुरं घेऊन जातात त्या. आम्ही कॉलेजमध्ये असताना कोतरांतून, म्हणजे काठच्या घळींतून, खाली उतरून पाण्यापर्यंत जायचो, मोर दिसायचे, खंड्या दिसायचे, शहरात आहोत असं वाटायचंच नाही. काकांना वर बसवा आणि मुलाला घेऊन तुम्ही उतरा, दहा मिनिटांचं काम आहे.

मगरताई_बडोदा

नको. ताई कृपा करून हे करू नका, आणि दादा तुम्ही पण कोणाला सांगू नका. राग मानू नका पण मी बरीच वर्षं प्राण्यांच्या रेस्क्यूच्या मुलांबरोबर ह्या नदीवर फिरतेय म्हणून बोलतेय.

२०२४ च्या पुराच्या वेळी वन खात्याचा अंदाज बातम्यांमध्ये आला होता, शहरातल्या पट्ट्यात चारशेच्या वर मगरी. ही मगर म्हणजे मगर जातीचीच, इंग्रजीत पण तिला मगरच म्हणतात, दहा-बारा फुटांची सहज होते, आणि ती तुम्हाला दिसली नाही म्हणजे ती तिथे नाही असं होत नाही. गढूळ पाण्यात फक्त नाकपुड्या आणि डोळे वर असतात, तेवढं लाकडाच्या ढलपीसारखं दिसतं. ती काठाच्या मातीत बिळं करून राहते. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी काठावरच खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं निघेपर्यंत त्याची राखण करते, तेव्हा ती सगळ्यात जास्त चिडलेली असते. कच्च्या वाटेवर तुमचा पाय नेमका अशा जागी पडू शकतो.

मुलाला एक गोष्ट शिकवा, त्याला मजा येईल आणि आयुष्यभर उपयोगी पडेल. पुलावरून खाली चिखलाकडे बघायचं, पाण्यापर्यंत गेलेला घसरगुंडीसारखा गुळगुळीत पट्टा दिसतो का ते शोधायचं. मधे शेपटीची एक रेघ आणि दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे. तो पट्टा ओला चकचकीत असेल तर ती नुकतीच उतरलीये, कोरडा भेगाळलेला असेल तर जुना. जबडा उघडा ठेवून पडलेली मगर दिसली तर ती कोणाला खायला बसलेली नसते, अंग तापलं की ती तोंड उघडं ठेवून गार होते. मी एकदा बघितलंय, मगर तशी पडलेली आणि तिच्या शेपटीपासून हातभर अंतरावर एक बगळा चिखलात चोच खुपसत फिरतोय, दोघांनाही एकमेकांचं काही पडलेलं नाही. अर्धा तास उभी होते मी तिथे.

वरून बघा, पोटभर बघा. पाण्याच्या कडेला जाऊ नका, अंधार पडायच्या आत घरी, कुत्रा सोबत नेऊ नका, आणि खायला काही टाकू नका. लोक पुलावरून पिशव्या भरून खरकटं टाकतात, त्याने कुत्री काठावर येतात आणि कुत्र्यांच्या मागे मगरी, मग आपणच म्हणायचं मगरी वाढल्या.

फतेगंजचा_पोरगा

ताई मान्य. अंडी घालायच्या सीझनचं मला खरंच माहीत नव्हतं, आम्ही नेमके परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये उतरायचो. आता अंगावर काटा आला. मांजलपूरच्या ताई, माझं ऐकू नका, पुलावरूनच बघा.

कारेलीबागकर_आजोबा

सूनबाई, तुमच्या सासऱ्यांच्या वयाचाच मी. ते म्हणतात ते खोटं नाही, आम्ही पण काठावर खेळलोय, पण तेव्हा नदीला तिची जागा होती. पाऊस झाला की पाणी कोतरांत पसरायचं आणि मगरी पण. नंतर कोतरं बुजवून बांधकामं झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये काळ्या घोड्याशी धोक्याची पातळी २६ फूट, तिच्या कितीतरी वर पाणी गेलं, आमच्या घरात तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं, दोन दिवस गच्चीवर काढले. शेजारच्या गल्लीत मगर आली होती. बिचारी भिंतीला चिकटून पडलेली, माणसांपेक्षा तीच घाबरलेली. त्या वर्षी दिवाळीपर्यंत बागेतल्या झाडांच्या खोडांवर गाळाची रेघ दिसत होती, माझ्या डोक्याच्या वर. २०२५ च्या उन्हाळ्यात पात्र उपसून रुंद केलं, काही ठिकाणी काठ अजून उघडाबोडका आणि भुसभुशीत आहे, तेव्हा कडेवर उभं राहायचं नाही हे माझंही सांगणं.

नातवाच्या प्रोजेक्टसाठी सांगतो. नदी पावागढच्या डोंगरात उगम पावते, वाटेत आजवा तलावाकडून येणारी सूर्या नदी तिला मिळते, बडोद्यातून पुढे जाऊन ढाढरला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात जातं. एखाद्या रविवारी गाडी काढून पावागढच्या पायथ्याशी चांपानेरला जा, पन्नासेक किलोमीटर. गड चढायचा नाही. खाली वडा तळाव आहे, त्याच्या काठाने सपाटीवर चालता येतं, समोर अख्खा पावागढ दिसतो. तिथे बसून नातवाला सांगायचं की बघ, आपल्या पुलाखालचं पाणी त्या डोंगरावरून येतं. गुडघे बरे असतील तर गडाच्या मध्यावरच्या माचीपर्यंत गाडीने आणि पुढे रोपवे.

मांजलपूरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, आज जाऊन आलो म्हणून लगेच लिहितेय. पावणेआठला पोचलो, पुलावरून काहीच दिसलं नाही, मुलाचं तोंड एवढंसं झालं. बागेत चाललो, सासरे दोनदाच बसले, एकदा गुडघ्यासाठी आणि एकदा त्यांना शाळेतले मित्र भेटले म्हणून, तिथे अर्धा तास गेला. परत येताना सव्वादहा झाले होते आणि मुलगाच ओरडला, आई पट्टा! मगरताईंनी सांगितला तस्साच, ओला, चकचकीत, मधे रेघ. आणि त्याच्या खाली पाण्याच्या कडेला ती. आधी मला दिसेचना, चिखलाच्याच रंगाची, सासऱ्यांनी माझा हात धरून बोट तिकडे नेलं तेव्हा दिसली. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले ह्या एवढ्या जवळ आम्ही गोट्या खेळायचो.

मुलाने घरी येऊन वहीत चित्र काढलंय, शेपटीची रेघ पट्टी धरून मारलीये. पुढच्या रविवारी वडा तळाव ठरलंय. आजोबा, तिथे सकाळी चहा-नाश्त्याचं काही मिळतं का, की घरून डबा न्यावा?

कारेलीबागकर_आजोबा

डबाच न्या. आणि थर्मास.