आमचं गाव फक्त तुलनेसाठी ठेवलंय. सर्वेक्षणाला नाही म्हणावं का?

रानवेल:
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. गेल्या वर्षी एका संशोधन संस्थेची टीम आली होती. दोन वर्षांखालच्या लेकरांचं वजन, उंची, दंडघेर घेतला. घरात काय शिजतं, पाणी कुठून आणता, असं आयांना तासभर विचारत बसले. आता कळतंय की शेजारच्या गावात त्यांची बाई घरोघरी जाऊन बाळाचा वरचा आहार शिकवते, मूग-शेंगदाण्याचं पीठही देते. आमच्याकडे काहीच नाही. विचारलं तर म्हणाले, चिठ्ठ्या टाकल्या, तुमचं गाव तुलनेसाठी निघालं.

बायका मला म्हणतात, "ताई, मोजायला आमची लेकरं आणि खायला त्यांची?" काय सांगू? पुढच्या महिन्यात टीम पुन्हा येणार आहे. नाही म्हणावं का? अशा अभ्यासांतून गरिबाच्या पदरात खरंच काही पडतं का?

माळरान:
सरळ नाही म्हणा. आमच्या तालुक्यात कितीतरी टीमा येऊन गेल्या. रक्त नेलं, फोटो नेले. निकाल काय लागला ते सांगायला एकजणही परत फिरकला नाही.

जुनी_सुपरवायझर:
रानवेलताई, मी बरीच वर्षं अशाच सर्वेक्षणांवर सुपरवायझर होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बायकांचा प्रश्न रास्त आहे. तो टीमसमोर तसाच्या तसा मांडा. पण लगेच नाही म्हणू नका.

तुलनेचं गाव लागतंच. पाऊस बरा झाला, कापसाला भाव मिळाला की त्या वर्षी लेकरांची वजनं तशीही सुधारतात. रेशन वेळेवर यायला लागलं तरी सुधारतात. शेजारच्या गावातली पोरं पिठामुळे बाळसं धरतायत की चांगल्या हंगामामुळे, हे तुमच्या गावाकडे बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीत १९९३ ते १९९८ या काळात नवजात बाळांवर अभ्यास केला. ३९ गावांत गावातल्याच एका बाईला शिकवून तयार केलं. ती बाळंतिणीच्या घरी जायची, बाळाचं वजन करायची, ऊब कशी द्यायची, अंगावर कसं पाजायचं ते दाखवायची, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर घरीच इंजेक्शन द्यायची. ४७ गावं तुलनेची होती. काम झालेल्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज तुमच्या गावची आशाताई बाळाला बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढे ४२ व्या दिवसापर्यंत घरी येते ना, त्याची मुळं त्या गावांत आहेत. ती ४७ गावं नसती तर "मृत्यू तसेही कमी होतच होते" असं म्हणून कुणीतरी फाईल मिटली असती.

त्याच्याही आधी त्यांनी बालन्यूमोनियावर काम केलं होतं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. सुईणींना बाळाचे श्वास मोजायचे होते, पण इतके मोठे आकडे त्यांना मोजता येत नव्हते. मग मण्यांची पाटी आणि एक मिनिटाची वाळूची घटिका तयार केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की न्यूमोनिया समजून औषध सुरू. चांगलं संशोधन मला यातच दिसतं. त्यांनी सुईणीला कमी न लेखता तिच्या हाताला जमेल असं साधन दिलं.

एक गोष्ट मात्र आजही सलते. नवजात बाळांच्या त्या घरभेटी आशांमार्फत देशभर सुरू व्हायला २०११ साल उजाडलं. निकाल हातात असताना इतकी वर्षं!

आता न्याय-अन्यायाचं. केनियाच्या बुसिया भागात ७५ शाळांमध्ये जंताच्या गोळ्यांचा अभ्यास झाला. शाळांचे तीन गट केले. पहिल्याला १९९८ मध्ये गोळ्या, दुसऱ्याला १९९९ मध्ये, तिसऱ्याला २००१ मध्ये. तुलनाही झाली आणि कुणी कायमचं वगळलंही गेलं नाही. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात १९७७ पासून ७० गावांना घरपोच कुटुंबनियोजन आणि माता-बाल सेवा मिळाली, ७९ गावं नेहमीच्या सरकारी सेवेवर राहिली. पण हगवणीवर मतलबच्या दवाखान्यातला उपचार दोन्हीकडच्यांना फुकटच होता.

म्हणून तुमच्या टीमला विचारा: आमच्या एखाद्या लेकराची दंडघेर पट्टी लाल निघाली, ११.५ सेंमीच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषण, तर त्या दिवशी तुम्ही काय करता? टॅबमध्ये आकडा भरून पुढच्या घरी? आमच्याकडे नियम होता की आईला तिथल्या तिथे सांगायचं, तिच्या हातात चिठ्ठी द्यायची, अंगणवाडीताईंना त्याच दिवशी फोन करायचा आणि पोषण पुनर्वसन केंद्रात जायची सोय लावायची. तुलनेच्या गावातही हेच. आकडे बिघडतील म्हणून आजारी लेकराकडे काणाडोळा करणं कुठल्याच नियमात बसत नाही. पिठाचा उपयोग झाला असं दिसलं तर आमच्या गावाला ते कधी मिळणार, हेही विचारा. निकाल ग्रामसभेत येऊन मराठीत सांगणार का, तेही. माळरान म्हणतात ते मीही पाहिलंय. फार वाईट वाटतं.

आणि संमती घेताना दिलेलं माहितीपत्रक शोधा. अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचा फोन नंबर त्यावर असायलाच हवा. नाही म्हटलं म्हणून कुणाची कुठलीही सेवा बंद होत नाही, हेही आयांना सांगा.

खडू_फळा:
थोडी भर घालतो. मी मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिक्षक होतो. २००१ च्या सुमारास 'प्रथम' या संस्थेच्या बालसखींचा अभ्यास मुंबईत आणि बडोद्यात झाला. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी मागे पडलेल्या पोरांना रोज दोनेक तास वेगळं बसवून वाचन आणि गणित घ्यायची. त्यात एकही शाळा कोरडी ठेवली नाही. काही शाळांत एका इयत्तेला बालसखी मिळाली, काहींत वेगळ्या इयत्तेला. तुलना त्यातूनच केली. सगळ्यात मागे असलेल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. वर्षभरानं त्यातला बराचसा ओसरला, हेही त्याच अभ्यासानं उघड सांगितलं. म्हणून माझा अशा कामावर विश्वास आहे.

रानवेल:
सगळ्यांचे मनापासून आभार. अंगणवाडीताईंकडून माहितीपत्रक मिळालं. दुसऱ्या पानावर समितीचा नंबर आहे. आजारी मूल सापडलं तर काय करणार, याची एक ओळ आहे. पीठ आमच्याकडे कधी येणार, यावर मात्र चकार शब्द नाही. ते लेखी मागायचं ठरवलंय. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर मागू की बायकांच्या सह्या घेऊ?

जुनी_सुपरवायझर:
दोन्ही करा. पत्र ग्रामपंचायतीचं, खाली आयांच्या सह्या-अंगठे, आणि एक प्रत थेट नैतिकता समितीला. टीम यायच्या आधी पाठवा, म्हणजे येताना त्यांना उत्तर घेऊनच यावं लागेल.