मारुती जिप्सीचा मागचा हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) निघत नाही, मदत हवी आहे

डाव्या ब्रेक ड्रममध्ये डिफरन्शियलचं (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) तेल उतरतंय, म्हणजे सील गेलं. तेल काढलं, ड्रम उतरवला, ब्रेक पाइप सोडून तोंड बंद केलं, हँडब्रेकची केबल सुटी केली, बॅकप्लेटचे (ब्रेकमागच्या तबकडीचे) चारही नट काढले. स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाच्या ठोक्याने बाहेर ओढायचं अवजार) मारूनही शाफ्ट जागचा हलत नाही. खाऱ्या हवेने शाफ्टवरचं बेअरिंग हाउसिंगमध्ये (अ‍ॅक्सलच्या नळीत) गंजून धरलंय, दुसरं काय! पेनिट्रेटिंग ऑइल (गंज सोडवणारं पातळ तेल) रात्रभर मुरवलं. आता हाउसिंग बाहेरून गरम करावं का? सील जळलं तरी चालेल, ते बदलायचंच आहे.

शिवाय शाफ्ट निघाल्यावर रिटेनर रिंग (बेअरिंग शाफ्टवर जागी धरणारी घट्ट कडी) ग्राइंडरने किती खोल कापून छिन्नीने फोडायची? शाफ्टला खाच पडली तर पुढे तिथूनच तुटतो. नवं बेअरिंग, रिंग प्रेसवर बसवून देणारं गोव्यात म्हापसा-पर्वरीकडे कोण आहे?