प्लेन मेकरमध्ये मरुत बनवतोय, पण ते मॅक १.४ ला पळतंय, ड्रॅग (हवेचा विरोध) कुठे वाढवू?

हवाईवेडा_नाशिक:
नमस्कार मंडळी, एक्स-प्लेन १२ या फ्लाइट सिम्युलेटरसाठी, त्याच्याच प्लेन मेकर या विमान बनवायच्या साधनात, आपलं एचएफ-२४ मरुत हे लढाऊ विमान बनवायला घेतलंय. कर्ट टँक यांनी बेंगळुरूला एचएएल या विमान कंपनीत डिझाइन केलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं, तेच. छापील मापं सगळी टाकली आहेत: लांबी १५.८७ मीटर, विंगस्पॅन ९ मीटर, पंखाचं क्षेत्रफळ २८ चौरस मीटर, रिकामं वजन ६,१९५ किलो, दोन ऑर्फियस ७०३ इंजिनं, प्रत्येकी थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) २१.६ किलोन्यूटन. थ्री-व्ह्यू ड्रॉइंग बॅकग्राउंडला लावून फ्यूजलाजचे (शरीराचे) सेक्शन एकेक करून बसवले. दिसायला इतकं देखणं झालंय की नुसतं रनवेवर उभं करून बघत बसावंसं वाटतं.

आता अडचण. तीस हजार फुटांवर सरळ उडत फुल थ्रॉटल दिला की मॅक १.४ ला, म्हणजे आवाजाच्या १.४ पट वेगाला जातं. खरं मरुत मॅक २ साठी डिझाइन केलं होतं पण हवं तसं इंजिन मिळालंच नाही आणि ते जेमतेम मॅक १ पर्यंत यायचं, हे सगळ्यांना माहितीये. दुसरी अडचण म्हणजे राजस्थानातल्या उत्तरलाई तळावरून उडून वाळवंटात खाली खाली चाललो की नाक सतत वरखाली डोलतं, निशाण धरताच येत नाही. कोणी मिलिटरी जेट बनवलंय का? कुठला आकडा हलवू?

थ्रॉटल_अप:
सोपं आहे भाऊ, इंजिनचा थ्रस्ट पंचवीस टक्के कमी कर. टॉप स्पीड आपोआप खाली येईल. मी माझ्या जेटला तेच केलं, मस्त उडतंय.

विंगटनेल:
नको नको, थ्रस्टला हात लावू नकोस. ऑर्फियसचा आकडा पक्का आहे, तो बदललास तर टॉप स्पीड जुळेल पण टेकऑफ रोल, क्लाइंब, एका इंजिनवर उडणं, सगळं चुकेल. मरुत आधीच कमी ताकदीचं विमान. ८,९५१ किलो वजनाला ४३.२ किलोन्यूटन म्हणजे थ्रस्ट-टू-वेट ०.४९. त्यातून पाव भाग काढलास तर मे महिन्यात उत्तरलाईवरून बॉम्ब घेऊन ते उठणार कसं?

चूक ड्रॅगमध्ये आहे. एक्स-प्लेन पंखाचे तुकडे पाडून प्रत्येकावरचं बल काढतो आणि कमी वेगाला ते छान जमतं. पण मॅक ०.८५ च्या पुढे विमानाचा ड्रॅग नुसत्या पंखावर ठरत नाही. नाकापासून शेपटीपर्यंत एकूण आडवा छेद कसा वाढतो नि कसा कमी होतो त्यावर वेव्ह ड्रॅग (आवाजाच्या वेगाजवळ धक्क्याच्या लहरींमुळे येणारा विरोध) ठरतो, आणि शरीर नि पंख वेगवेगळे मोजले की हे पकडता येत नाही.

मग उलटं गणित कर. समुद्रसपाटीला मरुतचा वेग १,११२ किमी/तास. म्हणजे सेकंदाला ३०९ मीटर, साधारण मॅक ०.९१. हवेची घनता १.२२५ धरली तर डायनॅमिक प्रेशर (वेगामुळे येणारा हवेचा दाब) ५८ हजार पास्कलच्या वर जातं, गुणिले २८ चौरस मीटर. टॉप स्पीडला थ्रस्ट आणि ड्रॅग सारखे असतात, म्हणून ४३.२ किलोन्यूटनला त्याने भागलं की ड्रॅग कोइफिशंट (विमानाच्या आकारामुळे किती विरोध होतो त्याचा आकडा) येतो ०.०२६ च्या आसपास. (वेगात थ्रस्ट थोडा बदलतो, पण सुरुवातीला चालेल.) त्या वेगाला लिफ्टमुळे येणारा ड्रॅग अगदीच किरकोळ, म्हणजे हे जवळजवळ सगळं शरीराचं आणि वेव्हचं. तुझ्या मॉडेलमध्ये डेटा आउटपुट लावून त्याच वेगाला किती ड्रॅग येतोय ते बघ, फरक लगेच दिसेल. मग फ्यूजलाजचा बॉडी ड्रॅग कोइफिशंट वाढव, आणि पंखाला कुठली एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) फाइल लावली आहेस तेही तपास. अतिपातळ सुपरसॉनिक एअरफॉइल लावला असशील तर मॅक १ ओलांडताना त्याला काही जाणवणारच नाही.

आणि खरंच काटेकोर हवं असेल तर फ्लाइटगियर या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये जेएसबीसिम हे उड्डाणाचं गणित करणारं सॉफ्टवेअर वापर. तिथे मॅकप्रमाणे ड्रॅगचं टेबल आपणच लिहितो. ०.८ पर्यंत सपाट, मग चढ, १.०५ च्या आसपास शिखर. मेहनत जास्त पण प्रत्येक आकडा कुठून आला ते आपल्याला माहीत असतं, आणि मला तरी त्यातच खरा आनंद मिळतो.

इसारकाठ:
मी म्युनिकजवळ राहतो. श्लाइसहाइमच्या विमान संग्रहालयात, म्हणजे डॉइचेस म्युझियमच्या शाखेत, एक मरुत ठेवलंय. टँक जर्मन, त्यामुळे इथे त्याला मान आहे. मागून नक्की बघा, दोन नोझल शेजारी शेजारी आणि त्यांच्याभोवती शरीर एकदम संपतं. अशा बोथट शेवटामागे दाब कमी होतो आणि विमान मागे ओढलं जातं, बेस ड्रॅग. प्लेन मेकरमध्ये लोक शेपटी टोकदार करून टाकतात कारण ते छान दिसतं, तू तसं केलंयस का? मुंबईकरांना एवढ्या लांब यायची गरज नाही, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक उभं आहे, मागचे फोटो तिथे काढता येतील.

नाक डोलण्याबद्दल: आधी सेटिंगमध्ये फ्लाइट मॉडेल्स पर फ्रेम वाढवून बघ. वेगवान जेटला हिशोब कमी वेळा झाला की खोटं डोलणं येतं. त्याने नाही गेलं तर सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी (सीजी) थोडा पुढे घे. मग रेडियस ऑफ जायरेशन, म्हणजे वजन मध्यापासून किती दूर पसरलंय त्याचा आकडा. मरुतच्या नाकात चार ३० मिमी एडन तोफा नि त्यांच्या गोळ्या, आणि इंजिनं मागे, म्हणजे वजन दोन्ही टोकांना वाटलंय. पिचचा (नाक वरखाली होण्याचा) आकडा मोठा ठेव. रोलचा (डावी-उजवीकडे कलण्याचा) मात्र लहान, दोन्ही इंजिनं शरीरातच आहेत, पंखावर काही जड नाही. जॉयस्टिकचा कर्व्हही मध्यभागी मऊ कर.

हवाईवेडा_नाशिक:
ताई, दादा, दोघांचे मनापासून आभार. शेपटी टोकदारच होती, ड्रॉइंगमध्ये नोझलची रेषा नीट दिसत नव्हती म्हणून. ती बोथट केली, बॉडी ड्रॅग वाढवला, आता तीस हजारावर ०.९८ च्या पुढे जात नाही. डोलणं फ्लाइट मॉडेल्स वाढवूनच निम्मं गेलं, बाकीचं सीजी पुढे घेतल्यावर. आता एका इंजिनवरची टेस्ट घ्यायचीये. ७१ च्या लढाईत जमिनीवरच्या माऱ्याने एक इंजिन गेलेली मरुतं परत तळावर आली होती, निदान तीन वेळा. माझंही आलं पाहिजे.

आणि एक इच्छा आहे, वेगळी फाइल करून त्यात ऑर्फियस बीओआर १२ टाकायचं, जे मिळणार होतं आणि शेवटी मिळालं नाही, आफ्टरबर्नरसकट (मागे जादा इंधन जाळून) ३६ किलोन्यूटन. मग मॅक २ होईल का?

विंगटनेल:
एक इंजिन बंद केल्यावर नाक फार वळायला नको, दोन्ही इंजिनं मध्यरेषेच्या अगदी जवळ आहेत. वळलंच तर प्लेन मेकरमध्ये इंजिनांचं आडवं अंतर जास्त पडलंय असं समज. बाहेरचे बॉम्ब टाकून दे आणि उंची राखता येते का ते बघ.

बीओआर १२ जरूर टाक, मीही उडवीन. पण हिशोब सांगते. छत्तीस हजार फुटांवर मॅक २ ला, ड्रॅग कोइफिशंट ०.०३५ धरला तर साधारण ६२ किलोन्यूटन लागतात. दोन इंजिनांचे मिळून ७२, पण ते जमिनीवर उभं असताना. वर हवा जेमतेम तीस टक्के घन, वेगाने इनटेकमध्ये हवा दाबली जाऊन काही भरपाई होते, तरी ६२ उरतील असं मला वाटत नाही. मॅक १.५ पर्यंत जावं. थ्रस्ट उंचीप्रमाणे नीट कमी होतोय ना तेवढं आधी तपास, नाहीतर मॅक २ दिसेल आणि त्याला काही अर्थ नसेल. फाइल तयार झाली की इथे टाक, मी जेएसबीसिमचं टेबल त्याच आकड्यांवर बनवते, दोन्हीकडे काय येतंय ते ताडून बघू.